दोनदा जेवलेली मुलगी

लहानपणी मी बहुतेक रोज संध्याकाळी दोनदा जेवायचे, आणि तरीही माझ्या अंगाला काही लागत नाही म्हणून शेजारच्या बायका आईला बोल लावायच्या. "पोरीला खायला घालती का न्हाय?" असं कुणीतरी पाणी भरताना विचारायचं आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. ती बिचारी काय सांगणार? तिनं तर मला घरातल्या सगळ्यांच्या आधी खायला घातलेलं असायचं.

आमचं घर अंथुर्ण्याच्या बाहेर, ओढा ओलांडला की लगेच. वडील, म्हणजे आमचे आबा, साखर कारखान्यात फिटर होते. मोठा भाऊ इंदापूरला वसतिगृहात राहून शिकत होता, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. आबा दारूला शिवले नाहीत, तंबाखूही खाल्ली नाही कधी. पौर्णिमेला विहारात वंदना तेच घ्यायचे आणि त्यांचा आवाज लागला की कडेवरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. कुणाच्या घरात भावाभावांचं वाजलं की आबांना बोलावणं यायचं. चार माणसांत त्यांना मान होता आणि तो त्यांनी स्वतः कमावलेला होता, हे मला आजही नाकारता येत नाही. फक्त घरात जेवायला बसले की त्यांचं काहीतरी बिनसायचं.

ताट समोर आलं की ते आधी नुसते बघत राहायचे. आमटी पातळ झालीय, भाकरी करपलीय, मीठ जास्त पडलंय, कुठलंही कारण पुरायचं आणि कारण नसलं तरी अडायचं नाही. मग ते ताट उचलायचे आणि दारातून अंगणात भिरकावून द्यायचे. पितळी ताट जमिनीवर पडलं की लगेच थांबत नाही, स्वतःभोवती फिरत राहतं. तो आवाज पुरता बंद होईपर्यंत आई आणि मी जागच्या हलायचो नाही. आबा ओरडायचे नाहीत. शांतपणे हात धुऊन बाहेर बाजेवर जाऊन बसायचे.

त्यानंतर घरात कुणी जेवायचं नाही. असा नियम कुणी केलेला नव्हता. पण कर्त्या माणसाचं अन्न मातीत पडलंय आणि आपण आत बसून घास मोडतोय, हे आमच्या घरात कुणाच्या हातून झालंच नसतं. आई अंगण झाडून घ्यायची, चुलीवरचं झाकून ठेवायची आणि अंथरुणं टाकायची.

हे रोज व्हायचं का? नाही. पंधरा-पंधरा दिवस काही व्हायचं नाही, मग एका आठवड्यात दोनदा. रोज झालं असतं तर कदाचित सवय झाली असती. आम्ही मात्र रोज संध्याकाळी कान टवकारून बसायचो. आबांनी मला आयुष्यात एक चापटही मारली नाही. त्यामुळे पुढं कितीतरी वर्षं मला वाटायचं, आपल्याला तक्रार करायला जागाच नाही. वर्गातल्या मुली बापाचा मार खाऊन यायच्या, वळ दाखवायच्या. मी काय दाखवणार होते?

आईनं यावर आपली एक तोड काढली होती. आबांची फटफटी ओढ्याच्या उताराला लागली की इंजिनाचा आवाज बदलायचा. तो बदललेला आवाज आला की आई मला हाताला धरून चुलीपुढे ओढायची आणि आमटीत भाकरी कुस्करून घास कोंबायला लागायची. "गिळ, गिळ लवकर. आलं बग." चावायला वेळच नसायचा. फटफटी दारात येऊन बंद पडेपर्यंत माझ्या पोटात भाकरी गेलेली असायची. आता ताट बाहेर गेलं तरी लेक उपाशी झोपणार नाही, म्हणून आईचा चेहरा जरा सैल पडायचा. पदरानं माझं तोंड पुसून ती मला बाहेर पाठवायची.

पण ताट बाहेर गेलं नाही की माझी पंचाईत व्हायची. कारण मग मला पुन्हा जेवावं लागायचं. आबांना लेक शेजारी लागायची. मन चांगलं असलं की ते स्वतःच्या ताटातला गूळ माझ्या भाकरीवर ठेवायचे, "खा गं माझी वाघीण," म्हणायचे. मी नको म्हटलं की प्रश्न आईला जायचा. "का खात न्हाय ही? काय केलंयस ह्यात?" एवढं विचारून ते आपल्या ताटाकडे नव्यानं बघायला लागायचे. म्हणून मी खायचे. गळ्यापर्यंत आलेलं असताना खायचे आणि आबांकडे बघून हसायचेसुद्धा.

पहिल्यांदा ते आपोआप बाहेर पडलं. घरामागं कडब्याची गंज होती, तिच्याआड. मी घाबरले, रडले, वर माती लोटली. दुसऱ्यांदाही आपोआपच झालं. त्यानंतर कधीतरी ते आपोआप होईनासं झालं आणि मी ते करायला लागले. आणि लाज वाटली तरी हे लिहिलंच पाहिजे, की मला त्यानं फार बरं वाटायचं. संध्याकाळपासून पोटात जे घट्ट बसलेलं असायचं ते सगळं निघून जायचं, हातपाय सैल पडायचे आणि मी गाढ झोपायचे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला झोप लागण्याचा तेवढा एकच उपाय सापडला होता. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिची तेवढी एकच युक्ती होती, ती फुकट जातेय हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

पुढं शिकायला बारामतीला आले, रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला आणि तिथल्याच एका लॅबमधे लागले. लग्न ठरलं ते कन्हेरीच्या एका मास्तरांशी. हा माणूस जेवताना गुणगुणतो. अजूनही गुणगुणतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून आमटीत मीठ घालायचं राहिलं. त्यानं पहिला घास घेतला आणि मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मी ओट्यापाशी उभी होते, हातानं ओटा घट्ट धरलेला. तो उठला, माझ्या अंगावरून हात लांब करून मिठाची बरणी घेतली, स्वतःच्या वाटीत मीठ टाकलं आणि परत गुणगुणत जेवायला लागला. मी बाथरूममधे जाऊन ढसाढसा रडले. त्याला वाटलं, माहेरची आठवण आली असेल. संध्याकाळी माझ्यासाठी भेळ घेऊन आला, शहाणा!

आता भीती संपली, म्हणजे सगळं संपायला हवं होतं, नाही का? मलाही तसंच वाटलं होतं. पण शरीराला कोण सांगणार? दिवसभर मी जवळजवळ काही खायचे नाही आणि संध्याकाळी घरात कुणी नसलं की फ्रिजसमोर उभ्या-उभ्या हाताला लागेल ते खायचे. शिळी भाकरी, चटणी, बिस्किटांचा पुडा, थंडगार भात. चव कळायची नाही. चावायचेही नाही. एकीकडे कान रस्त्याला लागलेले असायचे. आणि मग बाथरूम. बाहेर येऊन तोंड धुतलं की मी परत हसतमुख. लेक झाली, ती शाळेत जायला लागली, आणि हे चालूच राहिलं. वरून बायका म्हणायच्या, "काय मेंटेन केलंय हो तुम्ही!" बारामतीत चाळिशीची बाई बारीक असली की तिला दुसरं काही विचारतच नाहीत.

लॅबमधल्या माझ्याबरोबरच्या मुलींचे गुरुवार असायचे, चतुर्थ्या असायच्या. त्यांना डबा नसला तरी कुणी काही बोलायचं नाही. आम्ही बौद्ध, आमच्यात तसले उपास नाहीत, त्यामुळे मला डबा न आणायचं कारण रोज नवं शोधावं लागायचं. मग एका वर्षी मला वर्षावास सापडला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत आमच्या कॉलनीतल्या विहारात ग्रंथवाचन चालतं, आणि त्या काळात काही उपासिका अष्टशील घेतात. त्यातलं एक शील म्हणजे दुपारी बारानंतर जेवायचं नाही. बहुतेक जणी पौर्णिमेपुरतं पाळतात. मी तिन्ही महिने घेतलं. सगळ्यांसमोर, हात जोडून.

आश्विनी पौर्णिमेला समारोप झाला तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाई, एक निवृत्त मुख्याध्यापिका, उठून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "संयम कसा असतो तो ह्यांच्याकडं बघा. तीन महिने! चेहऱ्यावर कधी कंटाळा नाही." मला पांढरी शाल आणि पुष्पगुच्छ दिला. दोन शब्द बोला म्हणाल्या. मी तृष्णेवर बोलले, आणि बरं बोलले. मागच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत होत्या. त्या बायकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घरी-दारी राबून, इतकी वर्षं धम्माला धरून राहिलेल्या भल्या बायका त्या. त्यांनी समोर दिसलं त्याचं कौतुक केलं. घरी आल्यावर मी शाल घडी घालून ठेवली आणि फ्रिजचं दार उघडलं.

हे ओळखण्याच्या जवळ पहिल्यांदा आला तो दातांचा डॉक्टर. दाढ ठणकायला लागली म्हणून गेले होते. त्यानं आरसा फिरवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "दात आतल्या बाजूनं फार झिजलेत. उलट्या होतात का तुम्हाला?" मी म्हटलं, ॲसिडिटी आहे. त्यानं गोळ्या लिहून दिल्या. मी रोज लोकांची रक्तं तपासते, माझ्या रक्तात काय कमी पडत असणार हे मला त्या दातवाल्यापेक्षा चांगलं कळत होतं. माझं रक्त तपासायचं सोडून मी सगळ्या बारामतीचं तपासत होते.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. आबा जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती आणि आई अंथुर्ण्याला भावाकडे असते. ऑपरेशननंतर तिला मी महिनाभर माझ्याकडे ठेवून घेतलं. काळा चष्मा लावून ती दिवसभर हॉलमधे बसायची आणि माझ्या लेकीला, तेव्हा चौथीत होती ती, जुन्या गोष्टी सांगायची. दोघींचं फार गूळपीठ. लेक तिला मोबाइलवर कार्टून दाखवायची आणि काय चाललंय ते तोंडानं सांगायची, कारण आजीला अजून नीट दिसत नव्हतं. मला घरात शिरताना दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि छान वाटायचं.

एका संध्याकाळी मी लवकर घरी आले होते, आत खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. कोपऱ्यावर नवऱ्याची स्कूटर वळल्याचा आवाज आला. आणि लगेच स्वयंपाकघरातून आईचा दबका आवाज आला, "गिळ, गिळ लवकर. आला बग तुझा बाप."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मी दारात जाऊन बघितलं. काळा चष्मा लावलेली आई चाचपडत घास करत होती आणि माझ्या लेकीचे दोन्ही गाल फुगलेले होते. लेक डोळ्यांनी हसत होती. तिला तो खेळ वाटत होता. आजीनं शिकवलेला गुपचूप जेवायचा खेळ. किती दिवस चालला होता कोण जाणे. मी काही बोलायच्या आत नवरा घरात आला, हातपाय धुऊन बसला, लेकीला हाक मारली आणि ती त्याच्याबरोबर परत जेवायला बसली. बापाला बरं वाटावं म्हणून दोन पोळ्या खाल्ल्या. मी वाढत होते. 

जेवण झाल्यावर ती बाथरूममधे बेसिनशी गेली. बराच वेळ बाहेर येईना म्हणून मी मागोमाग गेले. पोटावर हात फिरवत ती आरशासमोर उभी होती. म्हणाली, "मम्मी, पोट फुटतंय. उलटी कशी काढायची गं? तुला येते ना?"

तिनं हे किती साधेपणानं विचारलं, ते मला लिहून सांगता येणार नाही. वेणी घालता येते ना, तसं. मी तिला ओवा-मीठ दिलं, गरम पाणी दिलं, पोटावर हात फिरवला आणि झोपायला पाठवलं. म्हटलं, उलटी काढायची नसते बाळा, थोड्या वेळात बरं वाटेल. ती म्हणाली, "मग तू का काढतेस?"  मी दिवा बंद केला.

आणि मग मी स्वयंपाकघरात गेले आणि आईवर तुटून पडले. मी आवाज चढवणारी बाई नाही. पण त्या दिवशी शेजारच्यांनी टीव्ही बंद केला असेल, इतकी ओरडले. "तिचा बाप ताट फेकत नाही! कळतं का तुला? ह्या घरात कुणी ताट फेकत नाही! कशाला कोंबतेस तिला?" आमच्या घरात हे वाक्य तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. आबा गेले तेव्हा नाही, वर्षश्राद्ध न करता पुण्यानुमोदन केलं तेव्हा नाही, भावानं फोटोला हार घातला तेव्हा नाही. मला आबांचा इतका राग आयुष्यात कधी आला नाही जितका त्या क्षणी आईचा आला. आता विचार करते तेव्हा वाटतं, आईवर रागावणं सोपं होतं. ती समोर होती, आणि ती मला काही करणार नाही हे मला जन्मापासून माहीत होतं. मग मी बाकीचंही सांगितलं. कडब्याची गंज, दोनदा जेवणं, फ्रिज, बाथरूम, लेकीनं काय विचारलं ते. नवरा हॉलच्या दारात येऊन उभा होता. त्यालाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

आई ओट्याला टेकून उभी होती. चष्म्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते. ती म्हणाली, "मला काय म्हाईत, बाई. तू भरल्या पोटानं झोपलीस म्हणून मी निवांत हुयाची. तेवढंच तर जमलं हुतं मला." मग म्हणाली, "आन् आताबी स्कूटर वाजली की माजा हात आपुआप उचालतो. त्यो चांगला माणूस हाय, मला ठावं हाय. पर हात ऐकत न्हाय."

मी तिच्या जवळ गेले नाही. जायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण माझ्यात तेवढं बळ नव्हतं. नवरा तिच्याजवळ गेला. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "डॉक्टर शोधू." त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही, ह्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे. भेळ आणली नाही, एवढीच त्याची सुधारणा.

डॉक्टर पुण्यात मिळाल्या. माझ्यापेक्षा लहान, केस बारीक कापलेल्या. आम्ही चौघं गेलो, कारण आई हटून बसली, "मला बी यायचंय. मला बी इचारायचंय डाक्टरीनबाईंला." लेकीला नवऱ्यानं बाहेर बागेत नेलं. मी जे सांगायला घाबरत होते ते डॉक्टरांनी इतक्या सरळपणे ऐकून घेतलं, की मला आपण सर्दी-खोकल्याचं सांगतोय असं वाटलं. त्यांनी आजाराला नाव सांगितलं, बुलिमिया. म्हणाल्या, लहान वयात घरातल्या भीतीशी जेवण जोडलं गेलं की पुढं असं होताना दिसतं, कुणी खाणं सोडतं, कुणी असं खात राहतं, आणि ह्यात बायका जास्त असतात. तुमची एकटीची ही गोष्ट नाही आणि हा तुमचा वाईट स्वभावही नाही. भूक कुठली आणि भीती कुठली हे तुमच्या शरीराला वेगवेगळं शिकताच आलेलं नाही, ते आता हळूहळू शिकवायचंय. वेळच्या वेळी, बसून जेवायचं. आणि जेवण झाल्यावर तासभर एकटं राहायचं नाही. तो तास सगळ्यांत अवघड असतो म्हणाल्या. त्यांना हे कसं कळलं म्हणून मला आश्चर्य वाटलं. मला त्या तासाशिवाय दुसरं काही अवघड वाटत नव्हतं.

मग त्या आईकडे वळल्या. मला वाटलं, आता आईला चार शब्द ऐकून घ्यावे लागणार. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं पदर नीट केला आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी विचारलं, "आणि आजी, तुम्ही कधी जेवायच्या?"

"मी व्हय?" आई हसली. "जेवायची की. काय असंल ते, भांडी घासता घासता. उभ्या-उभ्यानं."

"बसून कधी?"

आईनं विचार केला. खरोखर आठवून बघत होती ती. हसू हळूहळू गेलं आणि ती म्हणाली, "बसून न्हाय आठवत बाई."

मी तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत, लग्नकार्यांत, माझ्या घरी, भावाच्या घरी, मी आईला ताट समोर घेऊन बसलेली पाहिली होती का? नाही. सगळ्यांचं झालं की ती आत जायची आणि थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसत बाहेर यायची. मी फ्रिजसमोर जशी उभी राहायचे, तशीच ती माझ्या जन्माच्या आधीपासून उभी होती. आणि मी तिच्यावर ओरडले होते. मला तिथल्या तिथं रडू आलं, आणि ह्या वेळी ते स्वतःसाठी नव्हतं.

परतताना आईला अंथुर्ण्याला सोडायचं होतं, म्हणून सोलापूर रस्त्यानं भिगवणवरून निघालो. भिगवणला दुपार झाली. नवऱ्यानं मासळीच्या एका हॉटेलापाशी गाडी थांबवली. चार ताटं सांगितली. आई म्हणाली, "मला नगं, मी पोरीच्या ताटातलं घेती." लेक म्हणाली, "आजी, डॉक्टरांनी सांगितलंय, ज्याचं त्याचं ताट." डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. 

चिलापी माशाचा तुकडा, रस्सा, भात, ज्वारीची भाकरी. मी सावकाश जेवायला लागले, चावून. मला ते एखादं अवघड काम करावं तसं करावं लागत होतं. रश्शाची चव लागली. फार तिखट होता, पण लागली. माझं संपलं, नवऱ्याचं संपलं, लेकीचंही संपलं. आणि मग माझा तो तास सुरू झाला. पोट भरलेलं, घशाशी आलंय असं वाटणारं, मानेवर घाम. हॉटेलच्या मागच्या बाजूला निळा पत्र्याचा दरवाजा होता, तो मला बसल्या जागेवरून दिसत होता. लेक माझ्याकडे बघत होती.  मी खुर्ची मागं सरकवली.

आईचं जेवण अजून चाललं होतं. तोंडात दात थोडेच, त्यात माशाचे काटे. एकेक काटा बोटानं चाचपून ताटाच्या कडेला लावत ती खाली मान घालून जेवत होती. ताटातलं सगळं संपलं तेव्हा तिनं मान वर केली आणि वाढणाऱ्या माणसाला हाक मारली, "ओ भाऊ, आनी एक भाकरी द्या. मऊ बगून द्या."

त्यानं टेबलावरून नजर फिरवली. आम्हा तिघांची ताटं रिकामी होती. "कुणाला देऊ, आजी?"

"मला," आई म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला स्वतःसाठी खायला मागताना ऐकलं. भाकरी आली, तिनं ती मोडली आणि रश्शात बुडवून पहिला घास घेतला. कुणी जेवत असताना सोबतच्यांनी पानावरून उठायचं नसतं, एवढं तर आमच्यात लहान पोरालाही कळतं. मी खुर्ची पुढं ओढली आणि आईचं जेवण होईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले.